दुखण्याला आकडा पुरत नाही

"दहापैकी किती दुखतंय?" या एका प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. एका बाजूला जुनाट दुखण्याने बेजार झालेली माणसं आहेत. त्यांचं म्हणणं असं, की खरा आकडा सांगितला तर कुणी दखलच घेत नाही, म्हणून डॉक्टरांपुढे नेहमी दोन अंक चढवून सांगावेत. पाच असेल तर सात, सात असेल तर नऊ. दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि त्यांची कड घेणारे. ते म्हणतात, 'दहापैकी दहा' सांगणारा माणूस समोर बसून मोबाईल चाळत असतो, मग त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा कसा? त्यावर पहिल्यांचं उत्तर तयार असतं: ज्याचं जळतं त्याला कळतं, शंका घेणारे तुम्ही कोण? दोन्हीकडची चीड मला समजते. पण हा वाद पहिल्याच पायरीवर घसरला आहे. दुखणं नेमकं सांगणं म्हणजे नेमका आकडा सांगणं, ही गोष्ट दोघांनीही न तपासता मान्य करून टाकली आहे. मला ती मुळीच मान्य नाही. जुनाट दुखण्यात आकडा सगळ्यात कमी बोलतो. दुखणं कुठल्या जातीचं आहे, कधी येतं, कशाने हटतं, कशाने चिघळतं आणि दिवसातलं काय काय हिरावून नेतं, या हकिगतीत खरा नेमकेपणा असतो. ती हकिगत काढून घेणं हे डॉक्टरांचं काम आहे. पेशंटने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून ती सिद्ध करायची नसते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. सत्ताविसाव्या वर्षी माझी कंबर धरू लागली. पहाटे तीन-साडेतीनला जाग यायची. कूस बदलायची तर आधी एक हात गादीवर रोवायचा, मग गुडघे पोटाशी घ्यायचे, मग सगळं अंग ओंडक्यासारखं एकदम वळवायचं. उठल्यावर सगळ्यात अवघड काम म्हणजे मोजे. पलंगाच्या कडेला बसून हातातल्या मोज्याकडे आणि मग पायाकडे बघत राहायचं. मधलं अंतर पार करायला वीस-वीस मिनिटं लागायची. अंघोळ झाली, थोडं चालणं झालं, की पाठ हळूहळू सैल व्हायची. दहा वाजेपर्यंत मी बरीचशी माणसात आलेली असे. डॉक्टरांची वेळ मिळाली साडेअकराची. "आत्ता किती दुखतंय, दहापैकी?" मी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, "चार." कागदावर 'कंबरदुखी, ४' अशी नोंद झाली, आणि सल्ला मिळाला विश्रांतीचा. मी विश्रांती घेतली आणि दुखणं वाढलं. पुढच्या चार वर्षांत आणखी दोन डॉक्टर झाले. एकदा चिडून मी 'आठ' म्हणाले. आठ म्हटल्यावर गोळी जड झाली, प्रश्न मात्र तोच राहिला. चार हा आकडा खोटा नव्हता. साडेअकरा वाजता तो अगदी खरा होता. पण माझ्या आजाराची सगळी ओळख पहाटे तीन ते सकाळी नऊ या वेळात होती, आणि त्या वेळेबद्दल मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आकड्याचा मूळ दोष कुठे आहे? तापमापीवर आपण विश्वास ठेवतो, कारण तिच्या पट्टीला दोन खुंट्या ठोकलेल्या आहेत: पाणी गोठतं तो बिंदू आणि पाणी उकळतं तो बिंदू. हवेचा दाब ठरावीक धरला, की जगात कुठेही गेलात तरी त्या हलत नाहीत. वेदनेच्या पट्टीला एकच खुंटी आहे, शून्याची. दहा म्हणजे काय, तर 'कल्पना करता येईल अशी सर्वांत भयंकर वेदना'. कुणाच्या कल्पनेतली? मूतखड्याची कळ सोसलेल्या माणसाचा दहा आणि आयुष्यात घोटा मुरगळण्यापलीकडे काही न झालेल्या तरुणाचा दहा एकच असेल का? दुसऱ्या टोकाची खुंटी प्रत्येकाने आपापल्या आयुष्यात ठोकलेली असते, म्हणून माझा सहा आणि तुमचा सहा शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

ही दुसरी खुंटी ठोकण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हार्डी, वोल्फ आणि गुडेल या संशोधकांनी वेदना मोजण्याचं यंत्र तयार केलं. कपाळाच्या काळ्या रंगवलेल्या त्वचेवर प्रखर दिव्याची उष्णता पाडायची, ती पायरीपायरीने वाढवायची आणि त्यातून वेदनेचं एकक ठरवायचं. त्या एककाचं नाव 'डोल', आणि पट्टी साडेदहा डोलांची. प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या बायकांच्या हातावर दोन कळांच्या मधल्या वेळात चटके देऊन, कळ मोठी की चटका मोठा, असं विचारण्यापर्यंत मजल गेली. एवढं करूनही डोल टिकला नाही. का टिकला नाही, याचं उत्तर त्याच दशकात युद्धभूमीवर मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेल्या हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने १९४६ साली आपलं निरीक्षण मांडलं: गंभीर जखमी होऊन शुद्धीवर असलेल्या सैनिकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना, विचारल्यावरही, वेदनाशामक नको होतं. बीचरने त्याचा अर्थ असा लावला, की त्या सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे सुटका होती; मरणाच्या तोंडातून बाहेर काढणारा परवाना. तशीच जखम घरच्या वाटेवर अपघातात झाली असती तर तिचा अर्थ आणि तिची वेदना वेगळी झाली असती. त्या सैनिकांनी 'दोन' म्हटलं असतं, तर त्यावरून जखमेची खोली कुणाला कळली असती?

आकड्याच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगायला हवं, आणि ते थोडं नाही. शस्त्रक्रियेनंतर नर्स काही तासांनी येऊन आकडा विचारते तेव्हा तो फार मोलाचा असतो. माणूस एक, जखम एक, मध्ये काही तास गेलेले. आठाचे पाच झाले म्हणजे औषध लागू पडलं. औषधांच्या चाचण्यांचा अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं आहे, की या पट्टीवर साधारण दोन अंक किंवा ३० टक्के उतार पडला की माणूस स्वतःहून 'बरं वाटतंय' म्हणतो. म्हणजे आपला आजचा आकडा आपल्याच कालच्या आकड्याशी ताडून पाहायला ही पट्टी उपयोगी आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की आकड्यामुळे निदान विचारणं तरी सुरू झालं. 'एवढं दुखायचंच' म्हणून पुढे निघून जाणाऱ्या डॉक्टरांना थांबून एक ओळ लिहावी लागली. हे श्रेय मी आकड्याला मनापासून देते.

पण पुढे काय घडलं तेही पाहू. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकन पेन सोसायटीने वेदनेला नाडी, श्वास, ताप आणि रक्तदाब यांच्या पंक्तीत बसवलं आणि 'पाचवी खूण' म्हटलं. २००१ साली तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने वेदनेची विचारपूस आणि नोंद आपल्या निकषांत आणली. हेतू नेक होता. पण नाडी, ताप, रक्तदाब या यंत्राने घेतलेल्या नोंदी. वेदना ही माणसाने सांगितलेली गोष्ट. तिला त्या रांगेत बसवल्यावर तिचा आकडाच तेवढा उरला, आणि आकडा दिसला की तो खाली आणणं आलं. झटपट खाली आणणारं हाताशी काय होतं? अफूच्या वर्गातली औषधं. त्या औषधांनी आणि त्याच जातीच्या बेकायदा अमली पदार्थांनी तिथे पुढे लाखो बळी घेतले. याचं खापर एकट्या आकड्यावर फोडणं अन्यायाचं होईल. ऑक्सिकॉन्टिन हे याच वर्गातलं औषध बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याचं २००७ साली न्यायालयात कबूल केलं. २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने पाचव्या खुणेची कल्पना सोडून द्या असा ठराव केला. मग काटा उलट्या बाजूला झुकला. वर्षानुवर्षं औषधावर असलेल्या माणसांची मात्रा एकाएकी तोडली जाऊ लागली, इतकी की २०१९ साली तिथल्या औषध प्रशासनालाच, असं अचानक तोडू नका, असा इशारा द्यावा लागला. आधी आकड्यावर डोळे मिटून विश्वास, मग आकड्यावर सरसकट अविश्वास. दोन्ही वेळा कुणी हकिगत ऐकली का?

आता आकडा चढवून सांगण्याबद्दल. असं करणाऱ्यांना मी खोटारडं म्हणणार नाही. पाच सांगून परत पाठवलेला माणूस पुढच्या वेळी आठ सांगतो, तेव्हा तो त्या व्यवस्थेने शिकवलेला धडा गिरवत असतो. तरीही मी हा सल्ला देणार नाही. चढवलेल्या आकड्याने पेशंटचंच नुकसान होतं. एकदा नऊ सांगून बसलात की उद्या खरोखर बिघडलं तर वर जायला जागा उरत नाही, आणि औषधाने थोडा गुण आला तरी तो दिसत नाही. शिवाय मोठा आकडा बहुधा मोठं औषध, मोठं इंजेक्शन, मोठी तपासणी घेऊन येतो. योग्य प्रश्न घेऊन येईलच असं नाही. माझ्या आठावर मला जड गोळी मिळाली. माझी पहाट कुणालाच दिसली नाही.

आणि 'दहा सांगतो आणि मोबाईल बघतो' असं म्हणणाऱ्या डॉक्टरांना मला कळकळीने सांगायचं आहे, की तुम्ही ताज्या दुखण्याची लक्षणं जुन्या दुखण्यात शोधत आहात. हाड मोडलेला माणूस घामाघूम होतो, पांढरा पडतो, विव्हळतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात, आणि त्यातली कित्येक दुखणी दहा-दहा वर्षं जुनी असतात. दहा वर्षं कुणी विव्हळत नाही. शरीराला तेवढी ताकद नसते, घरच्यांना तेवढा धीर नसतो, आणि पोटासाठी काम तर करावंच लागतं. तो माणूस चेहरा सरळ ठेवायला शिकलेला असतो. मोबाईल हा कदाचित त्याला लक्ष दुसरीकडे वळवायला सापडलेला एकमेव उपाय असतो. विव्हळला तर नाटक, नाही विव्हळला तर खोटं. मग त्याने बसायचं तरी कसं? 'दहा' म्हणताना तो माप देत नसतो. 'आता माझ्याच्याने होत नाही' हे वाक्य तो त्याला दिलेल्या एकमेव भाषेत बोलत असतो. ते वाक्य ऐकावं, आणि मग माप वेगळं विचारावं.

ते वेगळं माप कसलं? आपल्या भाषेने हे काम फार पूर्वी करून ठेवलं आहे. ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, उसण, तिडीक, मुरडा, पेटका, आग, चुणचुण, मुंग्या, रग, सल. या शब्दांत डावं-उजवं, कमी-जास्त असं काही नाही. प्रत्येकाची जात वेगळी आहे. ठसठस नाडीच्या ठोक्याबरोबर उठते. पिकलेल्या दाढेची, पू धरलेल्या गळवाची ती भाषा. कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. आतडं किंवा मूत्रनलिका यांसारखा पोकळ अवयव आवळला जातो तेव्हा अशी येते. आग होणं, मुंग्या, बधिरपणा, विजेचा झटका बसल्यासारखं होणं, हे बहुतेकदा नसांचं बोलणं असतं. ही निव्वळ शब्दांची हौस नाही. नसांच्या दुखण्याला नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन अशी निराळीच औषधं वापरतात. नसांचं दुखणं ओळखायच्या 'डीएन-४' नावाच्या तपासणीत दहा बाबी असतात आणि त्यांतल्या सात पेशंटच्या तोंडूनच घ्यायच्या असतात: आग होते का, गारठल्यासारखं दुखतं का, झटके बसतात का, खाज येते का. म्हणजे 'सात' आणि 'आठ' यांतल्या फरकाने औषधाची मात्रा बदलेल. 'ठणकतंय' आणि 'आग होतेय' यांतल्या फरकाने औषधच बदलेल.

काळाचं आणि हालचालीचंही तसंच. चालताना पोटऱ्या भरून येतात, पाय ओढावा लागतो, अशी तक्रार घेऊन दोन माणसं येतात. दोघंही 'सहा' म्हणतात. एकाला नुसतं उभं राहिलं की मिनिटा-दोन मिनिटांत बरं वाटतं. त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात. दुसऱ्याला उभं राहून भागत नाही, खाली बसावं लागतं किंवा कशावर तरी ओणवं व्हावं लागतं; त्याच्या कण्यातली नसांची जागा अरुंद झाली असण्याचा संभव जास्त. एका हालचालीने निदानाची वाट फुटते, आणि ही हालचाल पट्टीवर कुठेच नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला क्षणभर वीज चमकावी तशी तिडीक येते, आणि ती दात घासताना, तोंड धुताना, नुसत्या वाऱ्याच्या झुळकेनेही येते, असं कुणी सांगितलं तर तज्ज्ञाच्या मनात ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, हे नाव लगेच येतं. तेच 'दाढ दुखते, नऊ' असं सांगितलं गेलं, तर चांगली दाढ गमवावी लागते. अशी माणसं खरोखर असतात. दाढा जातात, दुखणं राहतं.

वेदनेच्या जाती ओळखण्याची ही कल्पना नवीही नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणांच्या वेदनांची लांबलचक यादी आहे: तोदन, भेदन, ताडन, छेदन, मंथन, चुमचुमायन. टोचणं, फुटणं, ठोकल्यासारखं, कापल्यासारखं, घुसळल्यासारखं, चुणचुणणं. वैद्याने यावरून दोष ओळखायचा. त्या दोषांच्या सिद्धान्ताशी आज कुणी सहमत असो वा नसो, विचारण्याची रीत अचूक आहे: 'किती' याच्या आधी 'कसं'. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली वेदनेची प्रश्नावली याच रीतीची. त्यात ७८ शब्द वीस गटांत लावलेले आहेत. मेलझॅक हे वेदनेच्या विज्ञानातलं फार मोठं नाव. वेदनेचे संदेश मज्जारज्जूतल्या जणू एका फाटकातून अडवले किंवा सोडले जातात, हा १९६५ सालचा 'फाटकाचा' सिद्धान्त त्यांचा आणि पॅट्रिक वॉल यांचा. अशा माणसाला वेदना समजून घ्यायला शब्द गोळा करत बसावंसं वाटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. हकिगत मागितली की जो चांगला बोलतो त्याचं फावतं. शिकलेला, धीट, शब्दांचा धनी माणूस आपलं दुखणं रंगवून सांगेल. भिडस्त, घाबरलेला, कमी बोलणारा मागे पडेल. आकडा निदान सगळ्यांना सारखा. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. पण आकडा खरंच सगळ्यांना सारखा आहे का? वेदनेसारखी गोष्ट शून्य ते दहाच्या पट्टीवर बसवणं हे शाळेत गुण मिळवत वाढलेल्या डोक्याला सोपं जातं. बाकीच्यांना तोच प्रश्न कोड्यासारखा वाटतो, आणि मग ते डॉक्टरांचा चेहरा बघून काहीतरी सांगतात. उलट दुखण्याचे शब्द शाळेतून आलेले नाहीत. कधी शाळेत न गेलेली म्हातारी 'मांडीतून सणक निघते ती अंगठ्यापर्यंत जाते, खोकलं की जास्त' असं सांगते, तेव्हा तिने मणक्यातून निघणाऱ्या नसेचा नकाशाच काढून दिलेला असतो. शिकलेले आम्हीच 'सिव्हिअर पेन आहे' म्हणून मोकळे होतो. म्हातारीचं नुकसान तिच्या भाषेने होत नाही. तिचं वाक्य केसपेपरवर 'पेन प्लस प्लस' होऊन उतरतं, तिथे होतं.

आणि ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं काय? इथे वैद्यकाचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवरच्या शस्त्रक्रिया अगदी अपुऱ्या भुलीत, कधी केवळ स्नायू लुळे पाडणारं औषध देऊन केल्या जात. बाळाची मज्जासंस्था अपुरी असते, त्याला वेदना कळत नाही, अशी समजूत होती. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दशकात दाखवून दिलं, की बाळाच्या शरीरात वेदनेच्या ताणाची सगळी वादळं उठतात, आणि नीट भूल दिली की ती शमतात. सांगता येत नाही म्हणजे होत नाही, असं धरून चालल्याची ही किंमत. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली तेव्हा सोबत स्पष्ट लिहिलं, की माणूस वेदना होते म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, आणि बोलणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक वाटांपैकी फक्त एक आहे. म्हणून हकिगत म्हणजे सुंदर बोलणं नव्हे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांनी पाय हलवताना कपाळाला आठ्या घातल्या, जेवण अर्धवट टाकलं, हीही हकिगतच. ती घरच्यांनी सांगायची आणि डॉक्टरांनी डोळ्यांनी वाचायची.

एक अडचण मात्र आपल्या स्वतःच्या मनाची आहे. दुखण्याची आठवण विश्वासू नसते. रेडेलमायर आणि काहनेमन या संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी चालू असताना पेशंटना दर मिनिटाला वेदनेचा आकडा विचारला. नंतर त्यांना एकूण किती दुखलं असं विचारलं, तेव्हा उत्तर ठरलं ते सगळ्यात वाईट क्षणावरून आणि शेवटच्या काही मिनिटांवरून; तपासणी किती वेळ चालली याचा जवळजवळ काही हिशेबच नव्हता. 'गेल्या महिन्यात साधारण किती दुखलं?' या प्रश्नाला आपण देतो ते उत्तर असंच असतं: एक भयंकर रात्र आणि आजची सकाळ. म्हणून भेटीआधीच्या आठ-दहा दिवसांची टिपणं ठेवावीत, तीही दोन-दोन ओळींची. किती वाजता जाग आली, काय करायचं राहून गेलं, कशाने उतार पडला. तेवढंच. काही डॉक्टर म्हणतात की सतत टिपत बसलं की लक्ष दुखण्यावरच खिळतं आणि ते मोठं होतं. त्यांचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच मी आठ-दहा दिवस म्हणते, वर्षभर नव्हे.

काही जण सांगायचं कामच फाईलवर सोपवतात. एमआरआयचा रिपोर्ट टेबलावर ठेवतात आणि गप्प बसतात, जणू चित्रच बोलेल. पाठ मुळीच न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्यांची झीज दिसली. दुखत नसताना. 'झीज' हा शब्द रिपोर्टात वाचून घाबरलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत, आणि रिपोर्ट निर्मळ आला म्हणून 'काही झालेलं नाही' असं ऐकून रडलेलीही.

राहिला डॉक्टरांच्या वेळेचा प्रश्न. बाहेर रांग आहे, हकिगती ऐकत कधी बसायचं? रांग खरी आहे. पण २००९ साली तयार झालेली 'पेग' नावाची पट्टी तीनच प्रश्न विचारते: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, दुखण्याने जगण्यातला आनंद किती हिरावला, रोजच्या कामांत किती आडकाठी आली. तीनही उत्तरं आकड्यातच द्यायची. तरीही तीनपैकी दोन प्रश्न जगण्याबद्दलचे आहेत, आणि ते विचारायला रक्तदाब घेण्याइतकाही वेळ लागत नाही. माझी चार वर्षं वेळेअभावी गेली नाहीत. चुकीच्या एका प्रश्नाला जेवढा वेळ लागला, बरोबर प्रश्नालाही तेवढाच लागला असता.

चौथ्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा सवयीने मीच सुरुवात केली, "साधारण पाच." त्यांनी लेखणी खाली ठेवली. "ते नंतर. सकाळी उठल्यावर पहिला तास कसा जातो?" मी मोज्यांचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, चाललं की बरं वाटतं की पडून राहिलं की? रात्री कुठल्या प्रहरी जाग येते? ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो का? घरात कुणाला असं होतं का? पाच मिनिटंही झाली नसतील. मग रक्ताची तपासणी, कमरेखालच्या सांध्यांचा एमआरआय, आणि नाव मिळालं: अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, कण्याचा आणि त्याखालच्या सांध्यांचा सुजेचा आजार. त्यात विश्रांती म्हणजे विष, आणि व्यायाम हे निम्मं औषध. केसपेपरवर त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'मोजे घालायला वीस मिनिटं.' तीन महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा फाईल उघडून त्यांनी विचारलं, "मोजे?"

"सहा-सात मिनिटं," मी म्हणाले, आणि त्यांनी ते जुन्या ओळीच्या खाली लिहून घेतलं.